झडपेपाशी

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत, तिसऱ्या शेडमध्ये
नारळाच्या रोसाला रात्रपाळी असते.
तीनशे बार. काटा थरथरतो, जागा सोडत नाही.
झडपेची फट केसाहून बारीक,
तिच्यातून रोस असा सुटतो
की तेलाच्या थेंबाला
स्वतःचा आकार आठवायलाही वेळ मिळत नाही.

तुटणं सोपं, हे पहिल्याच आठवड्यात कळलं.
अवघड ते पुढचं.
नुकते फुटलेले थेंब उघडे असतात,
जो दिसेल त्याला बिलगतात,
आणि सकाळी बाटलीत वर बोटभर साय,
खाली निळसर पाणी,
मध्ये केणीबाईंचं न बोललेलं वाक्य.

आधी बास्त्यांव टाकीत सगळं घुसळायचे,
पाऊण पाऊण तास, चौदा वर्षं.
मग झडप.
मिसळणं एका खोलीत, फोडणं दुसऱ्या.
मी कागदावर एक आडवी नळी काढली :
झडपेच्या लगेच पुढे, खळबळ जिथे सर्वांत जास्त,
प्रथिनांचं पाणी तिथेच आत यावं.
जिथे तुटतं तिथेच कुणीतरी
पांघरूण घेऊन उभं असावं.
(मीटिंगमध्ये असं म्हटलं नाही.
मीटिंगमध्ये विजेचं बिल दाखवलं.)

नळी जोडली त्या रात्री बास्त्यांव थांबले.
फोंड्याची शेवटची बस गेली होती.
टाकी बंद, पातं कोरडं.
गाभण गाईच्या पोटावर ठेवतात तसा
त्यांनी नळीवर तळहात ठेवला, बराच वेळ,
मग म्हणाले, "म्हणजे, फुटता थंयच भरसता."
मी हो म्हटलं.
पंपाच्या आवाजात ते त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

खिडकीत अकरा बाटल्या आहेत.
लेबलावर तारीख, दाब, माझी आद्याक्षरं;
नववीवर त्यांचं नाव लिहिलं गेलं, तसंच राहू दिलं.
चौथा दिवस. साय नाही.
उन्हात धरली तरी
वरपासून तळापर्यंत एकच पांढरं.

बास्त्यांव आता पॅकिंगला असतात.
जेवणाच्या सुट्टीत येतात,
नववी बाटली उलटी करतात, बघतात,
सुलटी करतात.
चांगलं झालंय, म्हणतात.
पण घरच्या रोसाला मात्र
साय यायलाच हवी,
नाहीतर सेबास्तियाना विचारते,
कुठल्या फॅक्टरीतून आणलास?