आडवे हात

रविवारी सकाळी सातला आलीस, शाहीन मुकादम,
गळ्यात पाहुण्याचं कार्ड.
सिव्हिल आयडी अजून कुठल्याशा खिडकीत अडकलेला
आणि पासवर्ड त्याच्या मागे रांगेत.
म्हणजे पहिला आठवडा तू नुसती बसणार.
बस. मीही बसले होते,
तेव्हा ही खुर्ची करकरत नव्हती.

नव्या माणसासाठी आपल्याकडे यादी आहे,
एक्केचाळीस कलमांची.
सतरावं सोडून दे, तो सर्व्हर मेला.
बाविसावं रोवेनाला विचार, तिनंच लिहिलंय,
आता तिलाही पटत नाही.
चूक सापडली तर मला सांग,
यादीत नसलेलं हे तुझं पहिलं काम.

काय करतेस, असं हर्णैहून विचारतील.
सांग, लिहिणारे वेगळे, वापरणारे वेगळे,
मधल्या उंबऱ्यावर आम्ही.
हातेम तुला फळ्यावर पाइपलाइन काढून दाखवेल.
बाण सुंदर काढतो.
भरवसा मात्र लॉगवर ठेव.

आपलं ॲप घरी पैसे पाठवायचं.
शुक्रवारी दुपारी, जेवण उरकून,
जलीबच्या खोल्यांमध्ये एका पलंगावर तिघं बसून ते उघडतात.
म्हणून गुरुवारी काही सोडायचं नाही.
पगाराच्या आठवड्यात तर नाहीच,
मोठ्या साहेबाचा फोन आला तरी.

मी एकदा सोडलं होतं.
दिनाराला दशांशानंतर तीन घरं,
कुणीतरी दोनच ठेवली होती.
सगळ्या टेस्ट हिरव्या.
मी हिरवं बघितलं, आकडा नाही.
पहाटेपर्यंत अकरा हजार व्यवहारांतून
शेवटचा अंक गळत राहिला,
चार फिल्स, सात फिल्स,
ज्यात कागदी कपसुद्धा येत नाही.
बेरीज एकोणपन्नास दिनार.
मीटिंगमध्ये कुणीतरी हसलं.
आपल्या मजल्यावर फरशी पुसणाऱ्या शफीकुलचा
जवळपास तीन आठवड्यांचा पगार.

तू हसली नाहीस.
म्हणालीस, दशांश मी शाळेत नाही शिकले,
अब्बांच्या पावत्यांवर शिकले.
मग खिडकीतून शुवैखच्या क्रेन दाखवल्यास,
धुळीत अर्ध्याच दिसत होत्या.
अब्बा तिथे खाली उभे राहून हातानं इशारे करायचे.
वर घे, खाली सोड, जरा डावीकडे,
हे फक्त त्यांनी सांगायचं.
पण थांब कुणीही सांगावं,
पाण्याच्या बाटल्या वाटणाऱ्या पोरानंसुद्धा.
वरच्यानं कारण विचारायचं नाही.
आधी थांबायचं.

मी ते बेचाळिसावं कलम म्हणून लिहून घेतलं.
पहिलं करायला हवं होतं.

बुधवारी रात्री नऊ अडतीस.
हातेमचं बोट बटणावर,
मी मोठ्यानं पायऱ्या वाचत होते,
आणि तू उठलीस, दोन्ही हात आडवे,
रोवेनाचा चहा कीबोर्डवर.
तोंडातून शब्दच नाही निघाला तुझ्या.
बोट दाखवलंस फक्त:
१२.५०.

थांबलो.
चाळीस मिनिटं चौघांनी शोधलं.
शेवटी कळलं, तो जुना फोटो होता,
माझ्याच कागदपत्रांत राहून गेलेला.
बिल्ड ठीक होतं. तीन घरं, शून्यासकट.

तू कानापर्यंत लाल.
सॉरी म्हणायला तोंड उघडलंस
तोवर हातेमनं नोंद केली होती:
नऊ अडतीसला थांबवलं, शाहीन.
दहा अठराला सोडलं.
कारणाच्या रकान्यात त्यानं काय लिहावं विचारलं,
मी म्हटलं, रिकामा ठेव.

रोवेना कीबोर्ड उलटा करून झटकत होती,
तिच्या भाषेत काहीतरी गुणगुणत,
रागाचं वाटत नव्हतं.

गुरुवारी आपण तो फोटो बदलला,
तू सांगत होतीस, मी टाइप करत होते.
तुझा पासवर्ड अजून आलेला नाही.