खाज्याचं पथ्य

बोंदेराच्या दिवशी, बावट्यांच्या गर्दीत
आल्याच्या खाज्यांच्या दुकानाखाली सापडलं हे पिल्लू.
रंगही तसाच, गुळाचा. म्हणून खाजा.
सहा वर्षं झाली. आता अंगभर खाजवतो
आणि चढणीवर मध्येच बसून
मांडवीकडे बघायचं निमित्त करतो.

डॉक्टर कुडचडकरांनी काट्यावर ठेवला:
सव्वीस किलो. असायला हवा बावीस.
"अजून पिल्लांचंच खाणं देता?"
पिशवीवरचं पिल्लू गोड होतं, तीच आणत राहिले,
हे मी त्यांना सांगितलं नाही.
चित्र सोडा, म्हणाले, पिशवी उलटी करा.
पहिलं नाव मांसाचं की मक्याचं,
चरबी किती, कुठल्या वयाला.
आणि बरगडी बोटांना लागली पाहिजे,
डोळ्यांना दिसता कामा नये.

दिवसाला दोनशे चाळीस ग्रॅम.
वाटीवर नेलपॉलिशने रेघ ओढली.
जुन्यात नवं मिसळत दहा दिवस काढले.
महिन्याने काटा: सव्वीस किलो तीनशे.

रविवारी मी त्याच्या मागे निघाले.
पोदेराच्या सायकलीपाशी अर्धी पोळी.
रुझारच्या बारमागे चोरिसाचं टोक, लालभडक.
शिरसाटांच्या परसात उकड्या तांदळाची पेज.
मग फेरीबोट. तो चढला, मी चढले,
त्याने ओळख दाखवली नाही.
पलीकडे, जुन्या गोव्याच्या धक्क्यावर,
मासळीवाली शेवंती त्याला "बाब" म्हणते
आणि पाच तारले घालते. मोजून.
माझ्यासारखीच, मोजून.

संध्याकाळी दारोदार फिरले.
कांदा त्याला विष, कोंबडीचं शिजलेलं हाड
फुटून आतडं फाडतं, मीठ नको, तिखट तर नकोच.
पोदेर हसला. शिरसाटीणबाई "बरं" म्हणाल्या, जरा रागानेच.
शेवटी एर्मेलिंदामावशी.
मुलगा स्विंडनला, सून तिकडचीच.
रोज दुपारी आमटीतल्या बांगड्याचं डोकं,
काटे काढून, निळ्या फुलांच्या बशीत:
हे मला माहीतच नव्हतं.
तिने सगळं ऐकून घेतलं. मग चुलीवरच्या कुंडल्याला विचारलं,
"मागीर हांव रांदूं कोणाखातीर?"

पिशवी उलटीसुलटी केली.
त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

तर आता दुपारचे सत्तर ग्रॅम तिच्याकडे.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, आठवड्याचे एकदम.
बिनमिठाच्या माशाच्या पाण्यात भिजवते,
निळ्या बशीत वाढते, स्टूल ओढून समोर बसते.
तिथे तो सावकाश खातो. माझ्याकडे गिळतो.
शेवंतीला दोन तारले मंजूर, उकडलेले.
काल काटा: चोवीस किलो सहाशे.
खाज कानापुरती उरलीय.
रुझार काही कबूल करत नाही.

शनिवारी डबा परत येतो, रिकामा कधीच नाही.
या वेळी आत कोळंबीचं बालचांव,
वर कॅलेंडरचा फाटका कागद.
रोमी अक्षरं, मी एकेक जुळवत वाचली:
हे तुला. त्याला देऊ नको.
कांदा घातलाय.