नुकुनोनूहून उत्तर

बोट कधी, विचारलंत.
बोट येते, तो आमचा मंगळवार.

खोली आहे. खिडकी खाऱ्या वाऱ्यानं फुगलीय,
पुरती मिटत नाही, ओढत बसू नका.
टाकीतलं पाणी पावसाचं,
तांब्या मोजून घ्या.

‘तिथे दिवसभर करायचं काय?’
हे सासऱ्यांना वाचून दाखवलं.
पेलेनातो माशाचे काटे काढत होते.
काढत राहिले.

येताना पाच किलो कांदे आणा.
आणि जमलं तर, आपियाला बोटीत चढण्याआधी
बंदरामागच्या दातांच्या दवाखान्यात
माझा नंबर लावून या. लुसिया, नुकुनोनू.

दाढ तशी फार दुखत नाही.
पण तिथे पंखा आहे, खुर्च्या आहेत,
आणि कुणी नाव पुकारेपर्यंत
बाईनं नुसतं बसायचं असतं.