खाली-वर

दुकानातला पोरगा विचारतो, किती ल्यूमेन हवेत.
मी म्हणतो, आकडे तुझ्याकडेच ठेव.
सोमवारपासून हेल्मी पहाटे चारला बेकरीत जाणार आहे,
नदीच्या पुलावरून,
उणे अठरात.
ती दिसली पाहिजे.

एकवीस हिवाळे मी बर्फ हटवायची गाडी चालवतोय
औलूच्या उत्तरेला.
उंच काचेतून रस्ता कसा दिसतो
हे ह्याला कसं सांगू?
फाळाने उडवलेली पांढरी धूळ, वायपरची घरघर,
आणि पलीकडे काळ्या कोटातली माणसं
काळ्या सायकलींवर.
आपल्याला रस्ता दिसतो
म्हणजे आपणही दिसतो,
अशा खुशाल समजुतीत निघालेली.

पोरगा एक दिवा काढतो, पेटवतो,
थेट माझ्या डोळ्यांवर.
मिनिटभर मला त्याचा गल्लाही दिसत नाही.
चांगलाच उजेड पाडलास, म्हटलं.
समोरून येणारा आंधळा झाला तर तिचं काय भलं होणार?
झोत खाली हवा,
चाकापुढे दहाबारा पावलं,
वरून कापलेला,
टोपी कपाळावर ओढल्यासारखा.

मागचा लाल. लुकलुकणारा नको.
लुकलुकणाऱ्याचं अंतर कळत नाही मला,
आत्ता इथे, आणि मग?
सरळ जळणारा दे.

बॅटरीचं नावच काढू नकोस.
गेल्या वर्षी तिच्या मैत्रिणीचा दिवा
पुलाच्या मधोमध गारठून मेला.
मग तो चाकाच्या तुंब्यात बसणारा डायनामो दाखवतो.
पाय चालतील तोवर उजेड.
आणि थांबली तर?
थांबल्यावरही चार मिनिटं जळतो, म्हणतो.
सिग्नलला पुरतील.
किंमत ऐकून मी हातमोजे काढतो, पुन्हा घालतो.
बांध, म्हणतो.

कोटाच्या खिशाला लटकवायचा हिमकणही घेतो, नवा.
तिचा जुना किल्ल्यांवर घासून घासून
दुधाळलाय.
तो आता फक्त दागिना.

आणि पायडलचे पिवळे.
ते सायकलसोबतच येतात, पोरगा म्हणतो.
तिचे आलेले नाहीत. एक तुटलाय, दुसरा चिखलात गेला.
चार युरो. कशाला एवढा आग्रह?

मी सांगायला लागतो.
तुइराच्या वळणावर, जानेवारीत,
समोर सगळंच चमकत होतं:
वळणाची पाटी, कुंपणाचे खांब,
कुणाच्यातरी टपालपेटीवरची पट्टी.
चमकणारं सगळं जागच्या जागी.
फक्त दोन ठिपके, गुडघ्याच्याही खाली,
एक वर जात होता
तेव्हा दुसरा खाली येत होता.
पाटीला पाय नसतात.
मी ब्रेकवर उभा राहिलो.
पेपर टाकणारा आर्मास होता तो,
दिवा बंद, पिशव्या दोन्हीकडे,
फाळापासून सायकलभर अंतरावरून गेला
आणि मागे वळूनही पाहिलं नाही त्याने.
कशाला पाहील?
त्याला काही झालंच नव्हतं.

हे मी पोराला सांगायला लागलो खरा,
पण पाटीपर्यंत येऊन थांबलो.
म्हटलं, आग्रह आहे. टाक पिशवीत.
ते ठिपके स्वतः उजेड देत नाहीत,
माझाच मला परत करतात.
वीस वर्षांत मला एवढं चोख कुणी काही परत केलेलं नाही.

संध्याकाळी, म्हणजे तीन वाजता,
अंगणात सगळं बसवलं.
गाडीचे दिवे लावले आणि हेल्मीला म्हटलं, चालव.
ती हसली. बाबा, शेजारी बघतायत.
बघू देत, त्यासाठीच आहे हे.
पुढचा दिवा झाकला तिच्याच मफलरने,
मागचाही.
आता शेडच्या मागून ये, लांबून.
कशाला?
ये.

अंधार.
साखळीचा आवाज.
मग एक वर,
एक खाली.
पुन्हा, म्हणालो.
आणखी लांबून.