रिकामी आहे ना?

नोव्हेंबर सरला. लेक सुपीरियरच्या काठाला बर्फ धरलं,
बदकं गेली दक्षिणेला.
टेबलावर जुनं वर्तमानपत्र, त्यावर ऑर्वोची पंप-शॉटगन.

हात कापतात त्याचे, म्हणून लेक खोलते.
तो नुसता बसून विचारतो, "रिकामी आहे ना?"
ऐली लाकडी मूठ मागे ओढते, आत बघते,
मग करंगळी घालते कोठीत.
डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, त्यानंच शिकवलेलं.
काडतुसं तर मघाशीच पलीकडच्या खोलीत गेली.

टोपी फिरवली, नळी सुटली.
दोन खिळ्या ठोकल्यावर घोड्याचा सांगाडा
अलगद तळहातावर:
काजळी, दलदलीची रेती,
आणि एक हिरवट पीस, चिकटून बसलेलं.

आईच्या फ्लॅनेलच्या गाऊनची चिंधी
नळीतून ओढली. काळी निघाली, मग करडी,
मग जवळजवळ गाऊनचाच रंग.
सुटी नळी खिडकीकडे धरली तर
पलीकडे नाण्याएवढं आभाळ.

एक स्प्रिंग निसटून चुलीखाली पळते.
म्हातारा हसतो, "दर वर्षी तिथंच जाते ती."

जोडून झाली. कपाटाला कुलूप लावण्याआधी
तो पुन्हा, "रिकामी आहे ना?"
पुन्हा करंगळी.
"रिकामीच आहे, इसा."
तिसऱ्या खुर्चीकडे दोघंही बघत नाहीत.