होल्ड करा

डॉक्टरीणबाईंनी वही दिली.
किती प्यायलात, किती वेळा गेलात,
पोचायच्या आधी झाली का: हो, नाही, थोडी.
थोडीला माप नसतं हो, मी म्हटलं.
त्या हसल्या नाहीत. चांगली मुलगी.

मापाला नातवाच्या दुधाचा जुना मग काढलाय.
पहाटे तीन दहा, दीडशे.
चार पस्तीस, ऐंशी. नळालाही तेव्हाच पाणी येतं,
अभ्युदयनगरभर पाइप खाकरायला लागतात,
आणि आम्ही दोघी, पालिका आणि मी,
एकाच वेळी सुरू होतो.

पलंगापासून बाथरूम चौदा पावलं.
मार्चमध्ये पडले ती नवव्यावर.
तेव्हापासून पायपुसणं काढलंय, भिंतीला दांडी आलीय,
आणि सुनेनं, काही न बोलता,
गादीवर रबराचं कापड घातलंय, तान्ह्याला घालतात तसं.
मीही काही बोलले नाही.
बोलले असते तर दोघींना रडावं लागलं असतं,
आणि रडायच्या आधी मला जाऊन यावं लागलं असतं.

केईएमला मुठीत एक यंत्र दाबायला दिलं.
अकरा किलो, शर्वाणीनं लिहिलं.
मग चार मीटर चाला, घड्याळ लावून.
सात सेकंद. म्हणाली, घाई नको हं, आजी.
अगं, घाई मला कुठे आहे,
घाई तिला आहे.

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजला होते.
कानावर हेडसेट, समोर कॉर्डांचं जंजाळ,
कोल्हापूर, बडोदा, मडगाव.
होल्ड करा, लाइन जोडते.
उठायचं तर हात वर करायचा,
सुपरवायझर घड्याळ बघायची,
बदली बाई आली तरच उठायचं.
दिवाळीच्या सकाळी बदली कोण येणार?
माधव पोटात होता तेव्हाही
सगळ्यांना सगळ्यांशी जोडून दिलं
आणि स्वतःला तेवढं होल्डवर ठेवलं.
आता आतून कोणीतरी म्हणतं,
फार झालं, बाई, ठेवते फोन.

लग्नाला बोलावलं तर गुडघे सांगते.
गुडघ्यांचं कोणालाही सांगता येतं.
कपाटात गडद साड्या वर, फिक्या खाली.
चारनंतर पाणी बंद केलं होतं,
त्यावर मात्र डॉक्टरीणबाई रागावल्या.

आत ओढून धरा, दहा मोजा, सोडा.
गवार मोडताना करते,
कुकरच्या शिट्टीला सोडते.
कोणाला कळत नाही. आठव्या अंकाला
अजून सुटतंच.

काल फिलोमिनाचा फोन, मालाडहून.
पाच नंबरच्या बोर्डवर माझ्या शेजारी बसायची,
आता चौऱ्याऐंशीची.
जावयाची तक्रार ऐन रंगात आली
आणि मधेच, ए, होल्ड कर हां, होल्ड कर...
काठीचा आवाज, दाराचा,
मग बराच वेळ काही नाही.
मी रिसीव्हर धरून बसले. सवय आहे.
मग फ्लश.

पोचलीस?
अर्धी, ती म्हणाली.

आणि आम्ही इतक्या हसलो
की वहीत लिहावं लागलं,
संध्याकाळी सहा वीस. थोडी.
कारणाच्या रकान्यात: फिलोमिना.