पाच शिलिंगांचा दंड

मंगळवारी आमचा वरचा मजला दहाला उघडतो.
पावणेदहालाच जिन्यावर डेस्मंड ऑलरेनशॉ.
तीस वर्षं बस हाकली त्यानं या गावात,
वेळेआधी येऊन थांबायची खोड काही जात नाही.
खिशात चीजचं सँडविच, जे आत आणायचं नसतं
आणि जे मला दिसत नसतं.

तो पणजोबा शोधतोय. एनॉक.
घरात चालत आलेली गोष्ट त्यानं मला
निदान चार वेळा सांगितली आहे:
कालव्याकाठच्या गिरणीला आग लागली,
एनॉकनं अकरा मुली खाली उतरवल्या,
आणि धुराचा खोकला जन्मभर छातीत बाळगला.
आजी सांगायची तेव्हा शिडी होती,
बापाच्या तोंडी तिचा दोर झाला,
बहीण म्युरिएल तर ओली घोंगडी म्हणते.
अकरा मात्र अकराच.

मी त्याला १८८७ चं रीळ लावून दिलं.
पडद्यावरून गाव उलटं धावू लागलं:
खोकल्याची औषधं, हरवलेली शेळी,
चॅपलमधला चहा, माणशी सहा पेन्स,
कुणाचं तरी लग्न, भिंगाखालच्या केसासकट.
पहिल्या पानावर आग होती. शनिवार, सकाळी पावणेसात.
एनॉक कुठेच नव्हता.

"पुन्हा बघतो," तो म्हणाला, आणि पुन्हा बघितलं.
जेवणाची वेळ टळून गेली.
तिसऱ्या पानावर, खाली, कोपऱ्यात,
कोर्टाच्या बातम्यांत, जिथे शोधायला कुणी जात नाही:
*एनॉक ऑलरेनशॉ, गिरणी कामगार. शुक्रवारी रात्री
कालव्याच्या काठी दारू पिऊन झोपलेला आढळला.
रात्र कोठडीत. दंड पाच शिलिंग.*

मी टेबलावरच्या रबरबँडा लावत बसले,
मोठ्या, मग लहान, मग त्याहून लहान.
अशा वेळी काय बोलायचं
हे लायब्ररीच्या कोर्सात शिकवत नाहीत.

"म्हणजे खोकला कोठडीच्या ओलीचा,"
बऱ्याच वेळानं तो म्हणाला.
मग हसला. मग चष्मा पुसला, पुसतच राहिला.
"शुद्धीत असता, तर सकाळी
चौथ्या मजल्यावर असता. मग मी कुठला?
आमचं अख्खं खानदान
एका ढोसलेल्या रात्रीवर उभं आहे बघ, हिलरी."

झेरॉक्सचे दहा पेन्स त्यानं मोजून ठेवले.
वळला. थांबला. आणखी दहा ठेवले.
"पहिलं पानही दे."
मी पान काढलं, मशीनची ऊब होती अजून त्याला.
त्यावर चौकटीत मेलेल्यांची नावं.
पेन्सिलीचं टोक एकेका नावाखाली ठेवत
तो वाचू लागला, बसथांबे पुकारावेत तसा:
हेप्झिबा क्रूक, वय बारा.
केझाया व्हिटम, वय पंधरा.
मार्था आणि सेरा एलन टॅटरसॉल, बहिणी.
भिंतीवर "शांतता राखा" अशी पाटी आहे.
मी तिच्याकडे पाठ करून उभी राहिले.
शेवटचं नाव ऑनोरा गिलिगन, वय अकरा,
अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस गिरणी.

पेन्सिल तिथेच थांबली.
तो परत वर गेला, मनात मोजत,
ओठ हलत होते, आवाज नव्हता.
मीही मोजत होते.
आम्ही दोघांनीही आकडा उच्चारला नाही.

रविवारी म्युरिएलकडे जेवण होतं.
तिथे काय झालं मी विचारलं नाही.

या मंगळवारी पावणेदहाला जिन्यावर डेस्मंड.
एनॉकची वही घरी ठेवून आलेला, हातात नवी, कोरी.
"गिलिगन," तो म्हणाला. "आयर्लंडची माणसं असावीत.
हिला विचारायला कधी कुणी आलं होतं?"
कार्डांचा खण मी ओढला, जी चं अक्षर, शेवटपर्यंत.
कार्डच नव्हतं.
मी एक कोरं घेतलं, पेनाचं टोपण काढलं,
आणि आडनावात एक एल की दोन,
यावर आमची सकाळ गेली.